राहून गेलेला पिवळा टाका

"अखंड आहे," निखिल म्हणाला. "एकदम ओरिजिनल साइज."

तो गालिच्यावर गुडघे टेकून बसला होता. एका डोळ्याला भिंग, कानामागे पेन्सिल. जुन्या वस्तूंची किंमत ठरवणं हे त्याचं काम, आणि त्यासाठी तो सकाळी मुंबईहून पुण्याजवळच्या भूगावला आला होता. मृणालताईंचा नवा फ्लॅट, पाचवा मजला, निम्मं सामान अजून खोक्यांत. खोकी भिंतीला सरकवून आम्ही गालिचा कसाबसा पसरला होता. एक टोक पार टीव्हीच्या कपाटाखाली गेलं होतं.

"अखंड नाही," मी म्हणालो. "कापलेला आहे. दोन फूट."

निखिल हसला. "कोण म्हणतं, काका?"

"मी म्हणतो. मीच कापलाय."

त्याने शांतपणे फाइल उघडली आणि एक पिवळा पडलेला कागद माझ्यासमोर धरला. "हे सर्टिफिकेट तुमचंच ना?"

माझंच होतं. माझं अक्षर, माझी सही, सहीखाली दोन रेघा. तेव्हा मी दोन रेघा मारायचो. 'इराणमधील काशान येथील हातविणीचा जुना गालिचा. मूळ मापाचा. कापकाम, जोडकाम नाही.'

"मग खरं काय मानू?" निखिल म्हणाला. "कागद, की तुम्ही?"

"मला."

"पण कागद लिहिलात तेव्हा तुम्ही तरुण होतात. स्मरणशक्ती तेव्हाच चांगली असणार."

मृणालताई चहाचा ट्रे घेऊन दारात उभ्या होत्या. "मास्तर, आधी बसा. ऊन फार आहे आज," त्या म्हणाल्या. माझं डोकं फिरलंय असं त्यांना वाटत होतं, पण बाई शिक्षिका होत्या, मुलांना तोंडावर असं म्हणायची त्यांना सवय नव्हती.

माझं वय अठ्ठ्याहत्तर. पिरंगुटला मुलाकडे राहतो. आयुष्यभर जुने गालिचे दुरुस्त केले. पुण्यात कॅम्पात एक दुकान होतं, आता ते नाही. मालकांना आम्ही शेठ म्हणायचो, तेही नाहीत. माझे वडील शिंपी. त्यांच्याकडून मी सुई धरायला शिकलो आणि रहीम उस्तादांकडून गालिचा. उस्ताद मिर्झापूरचे. हात इतका हलका की त्यांनी भरलेलं भोक दुसऱ्या दिवशी त्यांनाच सापडायचं नाही. म्हणून त्यांचा एक नियम होता. दुरुस्ती झाली की गालिचा उलटा करायचा आणि त्या जागी पाठीमागून पिवळ्या लोकरीचा एक टाका घालायचा. समोरून दिसत नाही. पण पुढे कधी कोणी उलटा केला, तर त्याला कळतं की इथे कोणाचा तरी हात लागलाय.

"लपवायचं नाही," उस्ताद म्हणायचे. "हमने सुधारा है, बनाया नहीं है."

हे समजायला गालिचा थोडा समजून घ्यावा लागतो. उभे सुती दोरे म्हणजे ताणा. आडवे म्हणजे बाणा. प्रत्येक दोन ताण्यांवर लोकरीची एक गाठ. गाठींची एक ओळ झाली की बाणा फिरवायचा आणि ठोकायचा. मग पुढची ओळ. टोकाला जी झालर दिसते ती शोभेला लावलेली नसते, ताण्याचीच टोकं असतात. मोठ्या गालिच्यावर चार-पाच माणसं वर्ष-दोन वर्षं बसतात. किंमत असते ती त्या बसण्याची.

दुरुस्तीने किंमत कमी होते का, हे मला सगळे विचारायचे. होते, पण सारखी नाही. कसर लागून पडलेलं भोक तशाच लोकरीने, तशाच गाठींनी भरलं तर फारसं बिघडत नाही. उलट न भरल्याने भोक वाढतं. झालर झिजून नवी शिवली तर थोडं कमी. पातळ झालेली जागा रंगाच्या पेनाने रंगवली तर बरंच कमी, कारण ती दुरुस्ती नाही, रंगरंगोटी आहे. आणि मधला भाग कापून दोन टोकं जोडली, तर निम्म्याहून खाली. मग जोड कितीही चांगला असो. विणणाऱ्याने योजलेलं मापच राहत नाही, नक्षीचा हिशेब मोडतो.

मी नेमकं हेच केलं होतं. चाळीस वर्षांपूर्वी.

मृणालताईंचे वडील डॉक्टर. मुळशीत धरणाच्या बाजूला त्यांनी बंगला बांधला आणि हॉलसाठी शेठकडे बारा फुटी गालिचा मागितला. आमच्याकडे होता चौदा फुटी. निळ्या जमिनीवर फुलांचे गुच्छ, एकाखाली एक सात ओळी. शेठ मला म्हणाले, "मास्टर, एक ओळ काढली तर कोणाला कळेल?"

खरं सांगतो, मला राग आला नाही. मला आव्हान वाटलं. तोवर मला दुकानात कोणी मास्टर म्हटलं नव्हतं.

उस्ताद त्या वर्षी गावी परत गेले होते. मी एक ओळ काढली. दोन फूट रुंद, नऊ फूट लांब पट्टी, दोन्हीकडच्या काठांसकट. मग दोन्ही टोकांच्या थोड्या गाठी उसवून ताणे मोकळे केले. हजारो दोरे, एकेक सुईने एकमेकांत घातले. पट्टीच्या एका कडेची लोकर उसवली आणि तीच वापरून वरून गाठी बांधल्या, म्हणजे रंगात फरक नको. साडेतीन महिने लागले. शेठने हात फिरवून पाहिलं. दुकानातल्या सगळ्यांनी पाहिलं. जोड कोणाला सापडला नाही.

मग शेठने कागद पुढे केला. मी सही केली, खाली दोन रेघा मारल्या आणि पिवळा टाका घातला नाही.

पट्टी जाळून टाक, असं शेठ म्हणाले होते. ते मात्र मला जमलं नाही. गालिचा पोचवायला मुळशीला गेलो तेव्हा ती घडी करून टेंपोत ठेवली. डॉक्टरांना सांगायचं, ही तुमची पट्टी, असं रस्ताभर ठरवत गेलो. पिरंगुटचा घाट चढताना वाक्यसुद्धा तयार केलं होतं. बंगल्यात पोचलो. डॉक्टरांनी गालिच्यावरून अनवाणी दोन फेऱ्या मारल्या आणि लहान मुलासारखे हसले. माझं वाक्य टेंपोतच राहिलं.

बंगल्याची राखण करणारा धोंडिबा म्हणून एक गडी होता. त्याच्या बायकोने मला जेवायला वाढलं. मी निघताना ती पट्टी तिच्या हातात दिली. "बसायला घ्या," म्हणालो आणि टेंपोत चढलो.

त्यानंतर दर दोन वर्षांनी मी गालिचा धुवायला तिथे जायचो. डॉक्टर जेवल्याशिवाय सोडायचे नाहीत. आणि दरवेळी फाटकाशी चष्मा पुसत विचारायचे, "मास्तर, अजून काही? लाजू नका." पेशंटना विचारायची सवय, तीच मलाही, असं मी समजायचो. "काही नाही, डॉक्टरसाहेब," म्हणायचो. बस येईपर्यंत माझे कान गरम असायचे.

डॉक्टर गेले. बंगला विकला गेला. मृणालताई एकट्या, भूगावच्या फ्लॅटमध्ये आल्या. मागच्या महिन्यात त्यांचा फोन आला.

"मास्तर, हॉल दहा फुटांचा आहे. गालिचा दोन फूट कापून मिळेल का? नाहीतर विकावा लागेल. बाबा म्हणायचे याला कात्री लावू नकोस, पण काय करू?"

मी खुर्चीतून उठून उभाच राहिलो. म्हणालो, कापू नका. तर त्यांनी विकायचं ठरवलं आणि निखिलला बोलावलं. आता माझा खोटा कागद त्यांच्या नावाने बाजारात जाणार होता. पुढे कुठे पकडला गेला असता तर फसवणाऱ्या ठरल्या असत्या मृणालताई. मी त्या शनिवारी न बोलावता भूगावला गेलो तो याचसाठी.

आणि कोणी विश्वासच ठेवेना.

"दाखवा जोड," निखिल म्हणाला.

मी गालिचा उलटा करून बोट ठेवलं. त्याने भिंगातून पाहिलं. "इथे ओळी थोड्या घट्ट आहेत. विणणारा बदलला असेल."

"विणणारा नाही बदलला. मी होतो तो."

"काका, लोक माझ्यासमोर चांगली दुरुस्ती लपवायला बघतात. अखंड गालिच्याला कापलेला म्हणणारे तुम्ही पहिलेच. पुरावा काय?"

"पट्टी."

"कुठे आहे?"

"चाळीस वर्षांपूर्वी धोंडिबाच्या बायकोला दिली."

निखिलने फाइल मिटली. "सोमवारी पुन्हा येतो. तेव्हा फायनल रिपोर्ट. तोवर पट्टी मिळाली तर बघू." त्याचा सूर असा होता की आजोबांना खेळायला दोन दिवस दिलेत.

तो गेल्यावर मृणालताईंनी मला दुसरा कप दिला. "मास्तर, धोंडिबाची सोनाबाई अजून आहे. उरवड्याला, मुलाकडे. कित्येक वर्षांत माझं जाणं झालं नाही. चला उद्या. पट्टी असली तर असली, नाहीतर तिची भेट होईल."

मला कळत होतं. त्या मला माझी समजूत घालायला नेत होत्या.

रविवारी त्यांच्या गाडीतून उरवड्याला गेलो. धोंडिबाच्या मुलाने, बाळूने, घराच्या मागे खोल्या काढून कंपन्यांतल्या कामगारांना भाड्याने दिल्यात. पुढे मात्र तेच अंगण, सारवलेलं. गाडी थांबते न थांबते तोच बाळू धावत आला. नवा शर्ट, कपाळाला गंध.

"या पावनं, या! वाट सापडली का नीट?"

आम्ही येणार हे याला कसं कळलं, मला कळेना. मृणालताई म्हणाल्या, "लहानपणी पाहिलंय, ओळखलं असेल." हातात तांब्या आला. पाय धुवून झाले. ओसरीवर नेऊन आम्हाला बसवलं. समोर शिऱ्याच्या बश्या आल्या. घरात चार-पाच बायकांची कुजबुज चालली होती. कोणीतरी दाराआडून आम्हाला निरखत होतं.

मी बसताना टेकायला हात खाली ठेवला, आणि तळहाताला कळलं.

डोळे आता दगा देतात. हात नाही देत. मी न बघता बोटं फिरवली. गुळगुळीत, दाट, थंड लोकर. साडेतीन महिने मी हिच्याशी झोंबलो होतो.

"कसा वाटला प्रवास?" बाळूने विचारलं.

"छान आहे," मी म्हणालो. "अजून एवढी छान असेल असं वाटलं नव्हतं."

बाळू खूश झाला. "आवो, अजून तुमी बघितली कुटं? येतीच हाय भायेर. हिंजवडीला हापिसात हाय. सैपाक बी येतोय सगळा. आता तुमचं पोरगं काय करतंय त्ये सांगा."

"कुठलं पोरगं?" मृणालताई म्हणाल्या.

"कुठलं म्हंजी? मामा-मामी न्हवं का तुमी पोराचं?"

"आमच्याकडे पोरगं नाही," मी म्हणालो.

दाराआडचं डोकं बाहेर आलं.

"मग तुमी कोन?"

"मी गालिचेवाला. या डॉक्टरसाहेबांच्या मृणालताई. आम्ही ही, ज्यावर बसवलंत ना, ही पट्टी बघायला आलोय."

बाळूने आमच्याकडे पाहिलं, पट्टीकडे पाहिलं. "म्हंजी पोरगी बघाया न्हाई, बस्कर बघाया आलाय?"

आतून एक मुलगी जोरात हसली. ती कोमल, बाळूची मुलगी, जिला बघायला खरे पाहुणे यायचे होते. साडी सावरत ती बाहेरच आली. "बाबा, ह्यांनाच हो म्हना. ह्यांच्याकडं पोरगंच न्हाई, सासरचा त्रास न्हाई."

तिच्यामागून काठी टेकत सोनाबाई आली. ऐंशीच्या पुढची, पाठीत वाकलेली, नजर मात्र तिखट. तिने आधी मृणालताईंच्या गालावरून हात फिरवले, बोटं स्वतःच्या कपाळावर मोडली. मग माझ्याजवळ येऊन वाकून पाहिलं.

"मास्तर न्हवं का? भात तीनदा घेतला व्हता, त्ये?"

"तोच," मी म्हणालो.

"मला वाटलंच कवातरी येशीला." मग ती एकदम सावध झाली. "पट्टी मागाया आलाय व्हय? द्यायची न्हाई. आदीच सांगती."

"मागायला नाही. नुसती बघायचीय."

मी उठलो आणि पट्टी उलटसुलट करून पाहिली. कसर नाही, भोक नाही. ज्या कडेची लोकर मी उसवली होती तिथे लुगड्याचा जुना काठ शिवलेला होता, एकसारखे बारीक टाके.

"त्ये मी शिवलं," सोनाबाई म्हणाली. "ऊन दावती, कडुलिंबाचा पाला घालून ठिवती. सोयरं आल्याबिगर काढत न्हाई. माज्या तिनी लेकी ह्याच्यावर ठरल्या. एक बी सोयरीक मोडली न्हाई. ही मानाची पट्टी हाय."

मृणालताई खाली बसल्या होत्या. फोनमधला गालिच्याचा फोटो उघडून त्यांनी तो पट्टीजवळ धरला. तेच गुच्छ, तीच निळी जमीन, काठावरची वेलसुद्धा तीच. त्या बराच वेळ फोटो आणि पट्टी आलटून पालटून बघत राहिल्या.

"म्हणजे खरं होतं," त्या म्हणाल्या.

"हो."

"बाबांना तुम्ही खोटा कागद लिहून दिलात."

"हो."

"आणि त्यानंतर आमच्या घरी जेवत राहिलात. दर दोन वर्षांनी. बाबा तुम्हाला पोचवायला फाटकापर्यंत यायचे, मास्तर."

मी शिऱ्याची बशी उचलून हातात घेतली. ती कुठे ठेवावी ते सुचेना.

"आगं, पन डाक्टरसायबांना ठावं व्हतं की," सोनाबाई म्हणाली.

आम्ही दोघांनी तिच्याकडे पाहिलं.

"माज्या थोरलीची सुपारी फुटली तवा सायब आलं व्हतं. मानाचं मानूस, पट्टीवर बसिवलं. जेवता जेवता खाली बघितलं आन घास हातातच. हात फिरवला. म्हनले, धोंडिबा, ही कुटनं आनली? ह्यांनी सांगितलं, गालिचेवाल्या मास्तरानं दिली. तसं जे हासाया लागलं सायब! ठसका लागला, आमटी सांडली. ह्यो बघा डाग." तिने काठीच्या टोकाने दाखवला. एका फुलाच्या पाकळीवर फिका पिवळट डाग होता, रुपयाएवढा.

"मग? बाबा काय म्हणाले?"

"म्हनले, मास्तराला बोलायचं न्हाई. दुखनं असलं तर ज्याचं त्यानं आपल्या तोंडानं सांगावं. मी इचारत जाईन म्हनले. आन पट्टी हितंच ऱ्हाऊ द्या म्हनले. माज्या घरी ह्याच्यावर खुर्च्या ठिवतील, हितं मानसं बसत्यात."

मास्तर, अजून काही? लाजू नका.

फाटकाशी चष्मा पुसणारा तो माणूस मला दिसला. दर दोन वर्षांनी त्याने औषधाची बाटली माझ्यासमोर धरली होती आणि दर दोन वर्षांनी मी म्हणालो होतो, काही होत नाही मला.

आधी मृणालताई हसल्या. डोळ्यांत पाणी होतं, पण हसल्या, वडिलांसारख्याच, लहान मुलासारख्या. "इतकी वर्षं! आणि आईलासुद्धा बोलले नाहीत!" मग सोनाबाई हसली, कोमल हसली. बाळूला काही कळलं नव्हतं, तरी तोही हसला. मग मीही. मी शेवटचा असा कधी हसलो होतो, आठवत नाही.

तेवढ्यात अंगणात खरी गाडी आली. एकच पळापळ. "उटा, उटा, मास्तर!" आम्हाला पट्टीवरून उठवून कोपऱ्यातल्या चटईवर बसवलं. उरलेला शिरा पाहुण्यांना पुरेल का, यावर आत वाद झाला. पोराचे मामा पट्टीवर बसले आणि कोमल चहा घेऊन बाहेर आली. पोराने विचारायच्या आत तिने त्याला दोन प्रश्न विचारले. लग्नानंतर नोकरी चालेल ना, आणि चहा करता येतो का? दोन्हींना तो हो म्हणाला. दुपारी बाळूने आम्हाला जेवल्याशिवाय सोडलं नाही. मी भात तीनदा घेतला. सोनाबाई मोजत होती.

सोमवारी पट्टी भूगावला आली, पण एकटी नाही. सोनाबाईने ती स्वतःच्या मांडीवर ठेवून आणली, बाळूच्या टेंपोत पुढच्या सीटवर बसून. लिफ्टमध्येही कोणाच्या हातात दिली नाही.

निखिल आला होता. आम्ही गालिचा पालथा घातला, शेजारी पट्टी पालथी घातली. तो पोटावर झोपला. गालिच्याच्या काठावरची वेल जोडापाशी एक वळण चुकवते. ते चुकलेलं वळण पट्टीच्या काठावर होतं. त्याने दोनदा मोजलं. उठून बसला. कान लाल झाले होते.

"सॉरी, काका."

"सॉरी कशाला? कागद माझाच होता."

"असा जोड मी पाहिला नाही."

खोटं बोलत नाही, मला बरं वाटलं. या वयातही वाटलं. मग लगेच स्वतःची लाजही वाटली, कारण याच कौतुकापायी सगळं झालं होतं.

"किमतीचं काय?" मृणालताईंनी विचारलं.

"अखंड असता तर कॅटलॉगमध्ये पानभर फोटो टाकला असता. आता तसा नाही. निम्म्याच्या खालीच धरा. चांगला, वापरायचा गालिचा, एवढंच." मग त्याने पट्टीकडे पाहिलं. "मूळ तुकडा सोबत असेल तर थोडं वर जाईल. पुन्हा जोडता येईल. काका, तुम्ही..."

सगळ्यांनी सोनाबाईकडे पाहिलं. सोनाबाईने काठी भिंतीला लावली, पट्टी सरळ केली आणि तिच्यावर मांडी घालून बसली.

"आता उठवा," म्हणाली.

कोणी उठवलं नाही.

"विकायचाच नाही मला," मृणालताई म्हणाल्या. "बाबांना माहीत असून त्यांनी कधी विकला नाही. कात्री लावू नकोस म्हणायचे, त्याचा अर्थ आत्ता कळतोय. एकदा लागली होती, म्हणून."

"पण हॉल दहा फुटांचा आहे," निखिल म्हणाला.

मृणालताईंनी हॉलभर नजर फिरवली. टीव्हीचं कपाट पाहिलं. ते भिंतीतल्या कोनाड्यासमोर उभं होतं, म्हणून मागची जवळजवळ दोन फूट जागा वाया गेली होती. "बाळू, टेंपो रिकामाच जाणार ना परत? हे टीव्हीसकट घेऊन जा. खोल्यांतल्या पोरांना क्रिकेट बघायला होईल."

कपाट गेलं. गालिच्याचं टोक कोनाड्यात शिरलं आणि गालिचा पुरला. चार बोटं भिंतीवर चढतात, तेवढी चढू दिली आहेत.

त्या दुपारी मी राहिलेलं काम केलं. गालिचा पालथाच होता. पिवळी लोकर मी पिरंगुटहून खिशात घालून नेली होती. मृणालताईंनी सुई ओवून दिली, मला आता ओवता येत नाही. जोडाच्या रेषेवर या काठापासून त्या काठापर्यंत वितीवितीवर एकेक टाका घातला. उस्तादांचा नियम एकाच टाक्याचा होता. मी चाळीस वर्षांचं व्याज धरलं. निखिल शेजारी बसून बघत होता. पुढच्या वेळी कोणत्याही गालिच्यात पिवळा टाका शोधीन, म्हणाला. मी म्हटलं, सापडला तर समज, माणूस प्रामाणिक होता. नाही सापडला तर भिंग नीट लाव.

नवा कागदही लिहिला. 'काशान, जुना. मूळ चौदा फूट, आता बारा. मधली एक ओळ मी कापली व जोडली. विकताना सांगितले नाही. काढलेली पट्टी उरवड्यास सोनाबाईंकडे आहे व तिथेच राहील.' खाली सही. रेघ एकही नाही. मृणालताईंनी दोन्ही कागद एकाच फ्रेममध्ये लावलेत, जुना वर, नवा खाली. आलेल्या माणसाला त्या वाचायला लावतात आणि तो गोंधळला की खूश होतात.

कोमलच्या साखरपुड्याला गालिचा एक दिवस उरवड्याला नेला. अंगणात मांडवाखाली पसरला आणि शेजारी पट्टी. चाळीस वर्षांनी दोघं एकत्र, या वेळी नक्षी वर करून. सोयरे पट्टीवर बसले, बाकीचं गाव गालिच्यावर. मानाच्या पट्टीपेक्षा गालिचा सहापट मोठा, तरी मान पट्टीलाच. मला कुठे बसावं कळेना. सोनाबाईने हाक मारली आणि पट्टीवर मामांना थोडं सरकवून जागा केली.

असे आणखी दोन गालिचे मी कापले होते. एक तांबडा आणि एक मोरपंखी. कुठल्या घरात आहेत, आता माहीत नाही. त्यांच्यावरही माझे खोटे कागद आहेत. हे सगळं छापायला देतोय ते मुख्यतः त्यासाठी. सहीखाली दोन रेघा दिसल्या तर गालिचा उलटा करा, मधल्या ओळी बोटाने तपासा. कुठे घट्ट लागल्या तर तो मीच. पिवळा टाका घालायला मी येईन, फक्त सुई ओवून ठेवा.

आणि जुना गालिचा विकत घेणार असाल तर एवढं करा. आधी पाठ बघा, मग नक्षीच्या ओळी मोजा, झालर ओढून बघा. विकणारा फार छान बोलत असेल तर फाटकापाशी थांबून त्याला एकदा विचारा, अजून काही? तो नाही म्हणाला, तर दोन वर्षांनी पुन्हा विचारा.